जिथल्या तिथे

एडिटिंग करणाऱ्या माणसाच्या घरात एक नियम असतो, आणि तो देवाधर्माच्या नियमांपेक्षा कडक असतो: फिल्म अर्धी असताना मशीनला हात लावायचा नाही. नवं सॉफ्टवेअर आलं? येऊ दे. स्क्रीनच्या कोपऱ्यात 'अपडेट करा' म्हणून चौकट रोज टुणकन उडी मारते, तिच्यावर फुली मारायची आणि कामाला लागायचं. फिल्म हातावेगळी झाली की मग काय हवे ते सोहळे करा. माझ्या नवऱ्याने हा नियम आयुष्यभर पाळला. आमच्या लेकीने एका सकाळी तो मोडला, आणि तोही बापाच्या मायेपोटी. त्यामुळे कुणावर ओरडायचीसुद्धा सोय राहिली नाही, आणि ओरडल्याशिवाय मला अन्न पचत नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

आमचं ऑफिस म्हणजे घराचीच मागची खोली. एका भिंतीशी त्याचं टेबल, समोरच्या भिंतीशी माझं. तो फिल्म कापतो, मी फिल्मची सबटायटल लिहिते. पाठीला पाठ लावून आमचा अर्धा संसार झाला, भांडणंदेखील आम्ही मागे वळून न बघता करतो. काम करताना त्याच्या तोंडून एकच शब्द निघतो, 'नाही'. शॉट लावतो, बघतो, नाही. एक फ्रेम इकडे सरकवतो, नाही. एक फ्रेम तिकडे, नाही. फ्रेम म्हणजे केवढी, तर डोळ्याची पापणी लवेपर्यंत चार-पाच निघून जातात एवढी. जमलं की काही बोलत नाही, गुपचूप पुढच्या शॉटवर जातो. 'ठीक आहे' असं तो कधी म्हणत नाही. ठीक म्हणजे वाईटच, फक्त सांगायची लाज वाटते म्हणून ठीक, असं त्याचं मत. एका निर्मात्याने परस्पर एका फिल्मचा शेवट बदलला, तर ह्या पठ्ठ्याने फिल्मवरून स्वतःचं नाव काढायला लावलं. मी तेव्हा कपाळाला हात लावला होता. बदललेला शेवट लोकांना आवडलाही होता. पण ज्या कापण्याला आपण 'नाही' म्हणालो त्याखाली आपलं नाव नको, इतकं साधं त्याचं गणित.

मग डोळे गेले. पूर्ण नाही, मधोमध. बघायचं असतं तिथेच नेमका काळा डाग आणि कडेकडेने दिसतं. माझ्याकडे बघायचं तर तो माझ्या कानाकडे बघतो. डॉक्टर डोळ्यात इंजेक्शन देतात, त्याने गेलेलं परत येत नाही, उरलेलं जरा हळू जातं. वाचणं पहिल्यांदा गेलं, मग चेहरे. कीबोर्डच्या ठरावीक बटणांवर लेकीने त्याला बारीक मणी चिकटवून दिले. स्क्रीनवरची नावं त्याला वाचता येत नसत, पण कुठली गोष्ट कुठे आहे हे पाठ होतं. वरच्या डाव्या कोपऱ्यात पहिली खूण, ती आपली फिल्म. तेवढी जागा हलवू नका, बाकी माझं मी बघतो, हे तो आम्हा दोघींना शंभरदा बजावायचा.

ही फिल्म त्याची शेवटची, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. तोंडाने कुणी म्हणत नव्हतं. काचेचा एक जुना कारखाना बंद पडणार होता. भट्टी विझण्याआधी तिथल्या प्रत्येक कारागिराला काच फुंकताना दिग्दर्शक बाईंनी चित्रित केलं होतं. लांब नळीच्या एका टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा, दुसऱ्या टोकाला माणसाचं तोंड. नवऱ्याच्या डोक्यात आलं की हे सगळे मिळून एकच श्वास घेतील आणि एकच फुगा फुगवतील. पहिल्याची छाती भरते, दुसऱ्याचे गाल फुगतात, तिसऱ्याचा गोळा वाढायला लागतो, तो चौथ्याच्या नळीवर आणखी मोठा होतो, असं करत अख्खा कारखाना एका दमात. म्हणायला सोपं आहे. प्रत्येक माणसाचा दम वेगळा, कुणाचा आखूड, कुणाचा लांब. त्यामुळे प्रत्येक शॉट किंचित संथ करायचा, मध्येच किंचित जलद, म्हणजे दमाला दम जुळावा. ह्यासाठी तो मुख्य सॉफ्टवेअरला जोडलेला एक छोटा प्रोग्राम वापरायचा, कुणा एकट्या माणसाने हौसेने बनवलेला. बाकीची सगळी फिल्म बाजूला ठेवून त्याने आधी हा तुकडा केला, डोळे होते तोवर. मान वाकडी करून, स्क्रीनला नाक लावून, महिनोन्महिने. 'नाही, नाही, नाही' माझ्या पाठीमागे चालूच. आणि एका दुपारी आवाज थांबला. मी वळून बघितलं तर तो खुर्चीला टेकून बसला होता.

त्या तुकड्याची प्रत कुणाला दिली नाही. हीसुद्धा त्याचीच रीत. अर्ध्या फिल्मची प्रत काढायची नाही, बघायची तर इथे येऊन बघा. दिग्दर्शक बाई आल्या, माझ्या खुर्चीत बसल्या आणि तुकडा बघितला. जाताना दारात म्हणाल्या की बघताना त्यांनी स्वतः श्वास सोडलाच नव्हता. नवरा त्या दिवशी जेवणावर जरा जास्तच खूश होता.

आता लेकीचं सांगते. ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात आहे. तिच्या धंद्याचा नियम आमच्या बरोबर उलटा. तिथे अपडेट केलं नाही तर दार उघडं टाकून झोपल्यासारखं. जुनं मशीन दिसलं की तिचा जीव वरखाली होतो. बापाचं मशीन तर तिला डोळ्यांसमोर नको व्हायचं. पण तिने कधी हात लावला नव्हता, बापाचा धाकच तसा. फक्त दर रविवारी यायची आणि बाबा स्क्रीनला नाक लावून बसलेत हे दारातून बघायची. एकदा तिला स्वयंपाकघरात रडताना मी पकडलं. कांदा चिरत होते म्हणाली. समोर भोपळा होता.

इंजेक्शनच्या दिवशी आम्ही दोघं सकाळीच दवाखान्यात गेलो. तिने रजा काढली होती आणि किल्ली तिच्याकडे असतेच. बापाला भलामोठा स्क्रीन द्यायचा, भिंतीएवढा, म्हणजे कडेकडेने का होईना माणसांचे चेहरे दिसतील, एवढंच तिच्या मनात होतं. पण म्हणतात ना, घोडं मध्येच पेंड खातं. मोठा स्क्रीन जुन्या मशीनला झेपेना. म्हणून नवं मशीन. नव्या मशीनवर जुनं सॉफ्टवेअर चालेना. म्हणून नवं सॉफ्टवेअर. नव्या सॉफ्टवेअरने विचारलं की ही फिल्म जुन्या पद्धतीची आहे, नव्या पद्धतीत करून देऊ का? ती हो म्हणाली. ते बिचारं शहाणं होतं, म्हणालं जुनी फाइल तशीच ठेवतो आणि नवी वेगळ्या नावाने करतो. इथे माझी लेक थांबली. वेगळ्या नावाची फाइल म्हणजे दुसरी खूण. बाबांना वाचता येत नाही, ते वरच्या डाव्या कोपऱ्यात हात घालणार आणि त्यांच्या हाती जुनीच लागणार. म्हणून तिने नवी फाइल जुनीवरच ठेवली. तेच नाव, तोच कोपरा, जिथल्या तिथे.

दुसऱ्या कुणाच्या घरात ही चूक झाली नसती. दुसऱ्या कुणाच्या लेकीने बापाच्या हाताच्या जागेचा एवढा विचारच केला नसता.

आणि ती हुशार, त्यामुळे काम अर्धवट टाकेल कशी? बॅकअपची डिस्क मी आपली आठवड्याला हाताने भरत असे. तिने ते आपोआप होईल असं लावून दिलं, आणि त्याने लगेच इमानदारीने जुन्या प्रतीवर नवी प्रत चढवली. जुनं मशीन दुकानदार बदल्यात घेऊन गेला. त्याने ते तिच्या समोर पुसून कोरं केलं, आणि तिनेच तसं करायला सांगितलं, बाबांचं काम परक्याच्या हाती नको म्हणून. एकेक गोष्ट बघितली तर प्रत्येक बरोबर. मी पुन्हा पुन्हा तपासली आहे.

दुसऱ्या दिवशी त्याच्या डोळ्यावरची पट्टी काढली आणि लेकीने त्याला हात धरून खुर्चीत बसवलं.  त्याने बोटाने मणी चाचपले, ते नव्या कीबोर्डवर होते तसेच होते. वरच्या डाव्या कोपऱ्यात गेला, फिल्म उघडली. भिंतभर एका म्हाताऱ्या कारागिराचा चेहरा आला. नवरा मान तिरकी करून बघत राहिला, मग पुढे झाला, मग मागे. म्हणाला की ह्याच्या भुवया भाजलेल्या आहेत, एवढे दिवस मला कळलंच नव्हतं. लेकीने माझ्याकडे बघितलं. तसा चेहरा तिचा मी ती शाळेत पहिली आली होती तेव्हा बघितला होता. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं मी म्हणालेसुद्धा, जीभ का झडली नाही माझी. ते अर्धं मिनिट मात्र खरं होतं, ते मी कुणाला देणार नाही.

मग त्याने तो तुकडा लावला.

पहिल्याची छाती भरली आणि भरायच्या आतच दुसरा फुंकून मोकळा झाला. तिसऱ्याचा गोळा दुसऱ्यापेक्षा लहान. चौथा नुसताच उभा. सगळे आपापल्या दमाने, आपापल्या घाईने, बाजारात उभे असल्यासारखे. स्क्रीनच्या खालच्या पट्टीवर प्रत्येक शॉटवर लाल ठिपका होता, आणि मी वाचलं तर लिहिलं होतं की हा जोड-प्रोग्राम सापडत नाही, काढून टाकला आहे. त्याला लाल ठिपके दिसत नव्हते. पण तो नुसत्या आवाजावरून पांढरा पडला. त्याने पुन्हा लावला, पुन्हा लावला. मग कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

ते पुढचे दिवस मी काय सांगू. लेकीने हॉस्पिटलला आजारी असल्याचं कळवलं आणि माझ्या टेबलाशी फोन घेऊन बसली. सॉफ्टवेअरच्या कंपनीतली मुलगी फार गोड बोलली, फाइल एकदा नवी झाली की जुनी होत नाही एवढंच वेगवेगळ्या वाक्यांत सांगत राहिली. जुनं मशीन दुकानदाराने परत दिलं, त्यात काही नव्हतं. पुसलेलं परत काढून देणाऱ्या एका माणसाने ते ठेवून घेतलं आणि मान हलवून परत केलं. तो छोटा प्रोग्राम बनवणारा गृहस्थ शेवटी सापडला. त्याने ते काम केव्हाच सोडलं होतं, तरी शोधून प्रोग्राम पाठवला, भला माणूस. पण आकडे पुसलेली फूटपट्टी हाती असून काय मापणार? कुठला शॉट किती संथ, कुठून कुठे, ते आकडे जुन्या फाइलमध्ये होते आणि ती फाइल लेकीने स्वतःच्या हाताने नव्या फाइलखाली पुसली होती. त्यानंतर तिने तीन ठिकाणी बॅकअप लावले. बैल गेला आणि झोपा केला. मी हे तिला म्हणाले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी तोंडात आलेलं गिळलं असेल.

बाई आल्या तेव्हा मीच दार उघडलं. त्यांनी ऐकून घेतलं, ओरडल्या नाहीत. कारखान्यातली माणसं आता चार दिशांना पांगली होती. त्यांना बोलावून फिल्म दाखवायची तारीख ठरली होती, ती पुढे ढकलता येत नव्हती. म्हाताऱ्यांतले दोघं आजारी होते. त्या म्हणाल्या की दुसरा एडिटर बाकीचं पुरं करेल, आणि श्वासाचा तुकडा नसला तरी चालेल. नवरा म्हणाला की तो तुकडा मी पुन्हा करतो, लेक माझे हात होईल.

आणि बसले दोघं. ती माऊसवर, तो शेजारी. ती शॉट लावायची, तो तिरका होऊन बघायचा. बघायचा म्हणजे काय, मोठ्या स्क्रीनवर त्याला चेहरा दिसे, भुवया दिसत, पण छाती भरायला नेमकी कुठे लागते ती जागा डागाखाली. मान हलवली की डागही हले. 'नाही', तो म्हणायचा. ती एक फ्रेम सरकवायची. 'नाही.' किती सरकवू, ती विचारायची. त्याला सांगता येत नसे, कारण ते त्याने कधी आकड्यांत केलंच नव्हतं, बोटांनी केलं होतं. कधी तो तिच्या हातावर हात ठेवून माऊस हलवायचा प्रयत्न करी, मग दोघांचेही हात भलतीकडे जात. पाठीमागे बसून मी दुसऱ्याच कुठल्या फिल्मची सबटायटल लिहीत होते, आणि तेच ते वाक्य पुन्हा पुन्हा टाइप करत होते.

लेक वाळत चालली. नखं कुरतडून बोटं लाल. तो 'नाही' म्हणाला की तिचे खांदे वर जात, माझ्याकडे पाठ असून मला ते कळे. एका दुपारी तिचा आवाज फुटला. तिने काही मोठं म्हटलं नाही, फक्त म्हणाली, "बाबा, मी तुमचे डोळे नाही गं, मी ते काढून घेतले." घाईत 'नाही हो' म्हणायचं ते 'नाही गं' म्हणाली, लहानपणी माझ्याशी बोलायची तसं. त्याने खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. मग म्हणाला, लाव पुढचा.

तिने पुढचा लावला. मी वळून बघत होते. कारागिराचे गाल फुगून बसले होते आणि काच अजून हललीही नव्हती. कुणा पोरासोरालाही दिसलं असतं. मी 'नाही' ऐकायची वाट बघत होते.

"ठीक आहे," तो म्हणाला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तिने पुढचा लावला. ठीक आहे. त्याच्या पुढचा. हं, हाही ठीक आहे. तिचे खांदे हळूहळू खाली यायला लागले. मधूनच एखादा 'नाही' टाकायचा तो, एक फ्रेम इकडे घे म्हणायचा, तिला खरं वाटावं म्हणून. आता बघ, जमलं की नाही, म्हणायचा. महिने लागलेला तुकडा त्या दिवशी चहाच्या वेळेपर्यंत पुरा झाला. लेक खुर्चीतून उठून त्याच्या गळ्यात पडली. संध्याकाळी घरी जाताना पायऱ्या उतरता उतरता तिने मला खालून सांगितलं की बाबांना आवडलं गं आई. मी हात हलवला.

आत आले तर तो स्वयंपाकघरात उभा होता, पाण्याचा ग्लास हातात आणि नळ चालूच.

"श्वास तुटतो ना?" त्याने विचारलं.

खोटं बोलायचं माझ्या मनात आलं. पण इतकी वर्षं ह्या माणसाला मी भाजी अळणी झाली तरी खरं सांगत आले आहे. "तुटतो," मी म्हणाले.

"कुठे?"

"सगळीकडे."

त्याने मान डोलावली आणि नळ बंद केला. मी रागावले, फार रागावले. लेकीवर नाही, त्याच्यावर नाही. त्या कोपऱ्यातल्या चौकटीवर म्हणा, डोळ्यांवर म्हणा, मला धड माहीत नाही. म्हटलं मी बाईंना फोन करते, अजून वेळ आहे, हा तुकडा काढून टाकू दे. तो नको म्हणाला. काढला तर तिला कळेल. मग मी म्हणाले, निदान तुझं नाव तरी काढायला सांगते. तू त्या निर्मात्याला सोडलं नव्हतंस, आठवतं ना? एवढं तरी तुझं तुझ्याकडे राहू दे.

तो माझ्या कानाकडे बघत होता, म्हणजे माझ्याकडे.

"नाव राहू दे," तो म्हणाला. "नाव काढलं तरी तिला कळेल."

फिल्मची सबटायटल मीच लिहिली. त्या तुकड्यात कुणी बोलत नाही, त्यामुळे तिथे मला काही लिहायचं नव्हतं. शेवटी नावांची पाटी येते, ती तेवढी तपासायची होती. संकलन, आणि त्याखाली त्याचं नाव. मी अक्षर अक्षर तपासलं. बरोबर होतं. मग फाइल बंद करून बाईंना पाठवली.